क्वामिनचा कौल

पेटी पुन्हा थांबली तेव्हा मिंबाने कपाळावर हात मारून घेतला.

"आता काय?" ती म्हणाली. "आता कुणाकडे काम काढलंस?"

पेटीत तिचा नवरा क्वामिन होता. काल सकाळी गेला, आणि जिवंतपणी जसा कधी सरळ वाटेने घरी आला नाही, तसा आता मसणातही सरळ जायला तयार नव्हता. चौघांच्या खांद्यावर पेटी डुलत होती, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि मग जुबाच्या झोपडीसमोर खुंटा ठोकल्यासारखी उभी राहिली. मागे ढोलवाला, त्याच्या मागे सगळी वस्ती. सगळे रविवारच्या धुतल्या कपड्यांत, सगळे भुकेलेले, आणि सूर्य उसाच्या तुऱ्यांकडे कलायला लागलेला.

जमैकातल्या थॉर्नली मळ्यावर ऊस लावणारे, तोडणारे, गाळणारे सगळे गुलाम, आणि गुलामाला जन्मभर कुणाला जाब विचारायची सोय नाही. मेल्यावर मात्र एकदा विचारता यायचा. ज्याच्या मनात काही सल राहिलेली असेल तो मेलेला खांदेकऱ्यांना ओढत त्या माणसाच्या दारात नेतो आणि पेटीने दार ठोकतो. ह्याला कौल म्हणत. ज्याच्या दारात कौल लागला त्याने कबूल व्हायचं, देणं-घेणं असेल ते तिथल्या तिथे मिटवायचं, की मेलेला पुढे निघाला. पण मेलेल्याला म्हणायचं असेल की ह्याच्यामुळे माझा जीव गेला, तर पेटी दाराला लागत नाही, त्या माणसाच्या छातीला लागते. मग त्याने थडग्यापाशी यायचं नाही, आणि नऊ रात्री त्याच्या हातचं कुणी खायचं नाही. नऊ रात्रींनंतर खातात, पण लोकांच्या मनातून ते जात नाही.

जुबा दारात आली. लठ्ठ बाई, मिंबाची जन्माची शेजारीण, आणि जन्माची भांडणारी.

"कोंबडी ना?" ती पेटीला म्हणाली. "हो बाबा, तुझी कोंबडी माझ्या खुराड्यात आली होती आणि मी दिली नाही. झालं समाधान?" आत जाऊन तिने एक कोंबडी पायांना धरून आणली.

"ती कोंबडी खाऊन जमाना झाला," मिंबा म्हणाली. "ही दुसरीच आहे."

"मग नको घेऊस! मी आपली चांगुलपणाने देतेय. घ्या आणि पुढे चला, माझे गुडघे दुखायला लागले."

पेटी पुढे झुकली, म्हणजे क्वामिनला पटलं. मिंबाने कोंबडी मागच्या कुणाच्या तरी हातात कोंबली. ह्याआधी मुकादमाच्या दारात धार लावायच्या दगडावरून खोळंबा झाला होता, त्याआधी म्हाताऱ्या लोहाराकडे कसल्याशा जुन्या शिवीवरून. कालपासून मिंबा खाली बसली नव्हती. साहेबाने सूर्य मावळेपर्यंतच परवानगी दिलेली, ऊस गाळपाचा हंगाम ऐन भरात, उद्या पहाटे उजाडायच्या आत शंख वाजणार आणि सगळ्यांनी कोयते घेऊन रानात उभं राहायचं. आणि हा बाबा कोंबड्यांचा हिशेब करत बसला होता.

तिला राग कशाचा येत होता, तर ह्याच माणसाचा गोऱ्यांसमोर आवाज फुटत नसे. घरी ताटात मीठ कमी पडलं की दोन दिवस तोंड फुगवून बसणार, वस्तीत दगडावरून, कोंबडीवरून, पाण्याच्या पाळीवरून भांडणार, पण हॉकरिज साहेब समोर आला की "हो साहेब". मरतानाही तेच. अंगात ताप होता, दवाखान्याच्या कोठडीत पडला होता, पडू दिलं असतं तर उठलाही असता. पण घाणा रात्रंदिवस चालू, चुलवाणावर माणूस कमी. हॉकरिज स्वतः कोठडीत आला, हातातल्या काठीने क्वामिनचे तळवे टोचले आणि म्हणाला, ऊठ. क्वामिन उठला. "हो साहेब" म्हणाला आणि उसाच्या काहिलींखाली जाळ घालायला गेला. पहाटे चिपाडांच्या ढिगावर आडवा सापडला.

हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. म्हणूनच कोंबडीवर वेळ घालवायला कुणाची ना नव्हती. कोंबडीचं भांडण मिटवता येतं.

जुबाच्या घरानंतर वाट फुटत होती. डावीकडे उतार, पांढऱ्या सावरीचं भलंमोठं झाड, आणि त्याच्या सावलीत वस्तीची थडगी. उजवीकडे चढ, घाणा, त्याच्या वर साहेबाचं घर. क्वामिनसाठी खड्डा सकाळीच खणून ठेवला होता.

पेटी उजवीकडे वळली.

ढोल थांबला. ढोलवाल्याने मुद्दाम थांबवला असं नाही, त्याचे हातच उचलेनात. मागची चार-सहा माणसं एकदम आठवण झाल्यासारखी आपापल्या घरांकडे वळली. पलीकडच्या मळ्यावर एका बाईची पेटी मागच्या हंगामात अशीच चढाला लागली होती. गोऱ्यांनी त्याला बंड म्हटलं. खांदेकऱ्यांपैकी दोघांना बाजाराच्या दिवशी चौकात फासावर दिलं, उरलेल्या दोघांना जहाजात घालून कुठे विकलं ते त्यांच्या आयांना अजून कळलेलं नाही.

आणि क्वामिनच्या पेटीखाली पुढे डावीकडे मिंबाचा मुलगा होता. कफी. एकुलता एक उरलेला. उजवीकडे म्हातारा कबेना, क्वामिनचा जहाजभाऊ. दोघं एकाच जहाजाच्या पोटात बेड्यांत शेजारी पडून आले होते, आणि त्या नात्यापुढे सख्खा भाऊ फिका. मागे दोन तरणी पोरं, त्यांचे डोळे पांढरे झालेले.

मिंबा धावत पुढे गेली आणि चढाच्या वाटेत पेटीसमोर उभी राहिली.

"इकडे कुठे?" ती पेटीला म्हणाली. "तुझा खड्डा तिकडे आहे. डोळे मिटलेत म्हणून दिसत नाही का?"

पेटी एक हिसका देऊन पुढे आली. मिंबा हलली नाही.

"अरे, जन्मभर ह्या घराला वळसा घालून गेलास तू! गोठ्यामागून, चिखलातून जायचास, पण त्या ओसरीसमोरून नाही. आणि आज पाहुणा म्हणून चाललास होय?"

पुन्हा हिसका. आणि ह्या वेळी मिंबाने पेटीकडे बघितलंच नाही, खाली बघितलं. कफीची टाच मातीत रुतली होती आणि त्याचा उजवा खांदा पुढे निघाला होता. हा खांदा तिच्या ओळखीचा होता. रांगत होता तेव्हापासून ह्या पोराला काही हवं असलं की आधी खांदा पुढे यायचा, मग पोरगा. कबेना फरपटत होता. मागचे दोघं फरपटत होते. मेलेला बिचारा गप पडून होता, नेहमीसारखाच.

मिंबाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कफी," ती दातओठ खात हळू आवाजात म्हणाली.

"आई, बाजूला हो. बाबा ओढतोय."

"बाबा ओढतोय म्हणे! मला सांगतोस? तुझ्या बापाने मला कधी साध्या विहिरीपर्यंत ओढलं नाही."

"जिवंत असताना तो बोलला नाही," कफी म्हणाला. त्याचा श्वास जोरात चालला होता. "आता बोलतोय. बोलू दे त्याला एकदा."

"बोलेल तो, आणि दोरी कुणाच्या गळ्यात पडेल? त्याच्या? त्याला काय, तो सुटला!"

"मला चालेल."

"तुला चालेल! मला विचारलंस? ह्या मागच्या पोरांना विचारलंस? आयांना विचारून आलेत का ते?"

पेटी आणखी पाऊलभर पुढे सरकली आणि तिची कड मिंबाच्या खांद्याला घासून गेली. लोक बघत होते. लोकांना एवढंच दिसत होतं की क्वामिनला वर जायचंय आणि त्याची बायको आडवी आलीय.

मुकादम सिपिओ पुढे आला. तोही गुलामच, पण कमरेला साहेबाने दिलेला चाबूक, त्यामुळे चालणं अर्धं साहेबाचं. "मिंबे, आवर तुझ्या नवऱ्याला," तो ओठ न हलवता म्हणाला. "ओसरीवर आलेत ते."

मिंबाने मान वळवली. हॉकरिज साहेब ओसरीच्या पायऱ्या उतरत होता. अंगात नुसता सदरा, जेवणावरून उठून आलेला, एका हातात हात पुसायचा कपडा. मागे त्याचे दोन गोरे कारकून, आणि दोघांच्या हातात बंदुका. साहेब सावकाश चालत आला आणि वाटेवर वीसेक पावलांवर थांबला.

"सिपिओ," त्याने हाक मारली. "काय म्हणतोय मेलेला?"

"काही नाही साहेब. वाट चुकलाय."

"ह्यांचे मेलेले वाट चुकत नाहीत. पंधरा वर्षं बघतोय मी." त्याने हात पुसून कपडा मागच्या एका कारकुनाकडे दिला आणि त्याच्या हातातली बंदूक घेतली. "कुणाला शोधतोय?"

सिपिओ जमिनीकडे बघायला लागला. कफीचा खांदा पुन्हा पुढे येत होता. मिंबाला तो बघावा लागला नाही, तिच्या पाठीला कळला. आणखी एक पाऊल, आणि मग सांगायची गरजच उरणार नव्हती.

तिला इतका संताप आला की तिला भीतीच वाटली नाही. संताप साहेबाचा, त्याच्या त्या जेवणाच्या कपड्याचा. "हो साहेब" म्हणून निघून गेलेल्या नवऱ्याचा. बापाचं राहिलेलं बोलणं आपल्या मानेवर घेणाऱ्या पोराचा. आणि तिचा स्वतःचा, कारण ह्या सगळ्यांत शहाणपण करायचं काम दर वेळी तिच्याच वाट्याला कसं येतं, हे तिला कधीच कळलं नव्हतं.

"मला!" ती ओरडली. "मला शोधतोय तो. मी काय इथे झाड म्हणून उभी आहे का? माझ्याकडेच येतोय, दिसत नाही?"

साहेबाने भुवया उचलल्या.

"मी उठवलं त्याला," मिंबा म्हणाली. आता ती वस्तीकडे तोंड करून बोलत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अंगात ताप होता. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, लोक कामचुकार म्हणतील, ऊठ. मीच त्याला चुलवाणावर पाठवला. माझ्यामुळे मेला तो."

त्या रात्री मिंबा दूरच्या रानात उसाच्या मोळ्या बैलगाडीत भरत होती. जुबा तिच्या शेजारीच होती. जुबाचं तोंड उघडलं. कबेनाने पेटीखालून तिच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. सगळ्यांना माहीत होतं. आणि सगळ्यांत जास्त माहीत होतं ते बंदूक धरून उभ्या असलेल्या माणसाला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग हळूहळू त्याला ते आवडायला लागलं.

"बायकोनेच," तो म्हणाला. "असं आहे तर. मग पुरं करा की. छातीला लावायची असते ना?"

पेटी जागची हलली नाही.

"का रे?" साहेब म्हणाला. "की तिला नाही शोधत तो?" आणि त्याने बंदुकीचा घोडा मागे ओढला. मागच्या तरण्या पोरांपैकी एकाच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

मिंबा पेटीसमोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की कफीच्या कपाळावरचा घाम तिला दिसत होता.

"आई, तू तिथे नव्हतीस," तो पुटपुटला. "तू तर रानात…"

"तुला विचारलं कुणी? मी तुझ्या बापाशी बोलतेय." मग ती आवाज चढवून म्हणाली, "काय रे क्वामिन! जन्मभर माझ्या नावाने खडे फोडलेस. मीठ कमी, पाणी गरम, छप्पर गळतंय, सगळं माझ्यामुळे. आता खरोखर बोट दाखवायची वेळ आली तर मागे काय सरतोस? ठोक! ह्या लोकांचे खांदे भरून आलेत."

कफीने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने बघितलं आणि तिला वाटलं, आता हा पेटी टाकून देणार. म्हणून तिने त्याला एकच गोष्ट सांगितली, अगदी हळू.

"तू गेलास तर मी कुणावर ओरडू?"

पेटी पुढे आली. रंधा न मारलेली फळी तिच्या छातीला टेकली, आणि टेकली म्हणजे नुसती टेकली, मांजर अंगाला घासून जातं तेवढी.

"हे काय गोंजारणं आहे?" मिंबा म्हणाली. "साहेबाला दिसलं पाहिजे."

दुसऱ्यांदा लागली तेव्हा ती दोन पावलं मागे गेली आणि चढावरच्या मातीत बसली. वस्तीतून एक लांब हुंकार उठला, कौल मिळाल्यावर उठतो तसा. साहेबाने घोडा खाली घेतला. तो हसला असता तर मिंबाला बरं वाटलं असतं. तो नुसता वळला आणि राहिलेलं जेवायला गेला. जाता जाता सिपिओला जवळ बोलावून त्याने काहीतरी सांगितलं.

पेटी डावीकडे वळली, आणि आता कशी सरळ निघाली! एकदाही थांबली नाही. ढोल पुन्हा सुरू झाला. माणसं मिंबाला वळसा घालून गेली, वाटेतल्या दगडाला घालतात तसा. जुबा शेवटी होती. मिंबाने कनवटीची क्वामिनची चिलीम काढून तिच्यापुढे धरली. थडग्यात ठेवायची राहिली होती. जुबाने ती घेतली, वर न बघता. रीत म्हणून बघितलं नाही की डोळे भरले होते म्हणून, ते मिंबाला समजलं नाही.

तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की उठून दोन पावलं ती त्या बाजूला चाललीही. ह्या माणसाला पोटभर शिव्या द्यायच्या होत्या, माती टाकायच्या आधी, त्याच्या कानाशी. थडग्यापाशी बायका मोठमोठ्याने नवऱ्यांना बोलतात, त्यात काही वावगं नव्हतं. तेवढा एक हक्क उरला होता, आणि तोही तिने आपल्या हाताने देऊन टाकला होता. ती घराकडे वळली.

घरात मडकं भरून कंदाचं कालवण होतं, खारा मासा घातलेलं, भरपूर तिखट. पुरून आल्यावर लोक जेवतात, म्हणून सकाळपासून शिजवलेलं. तिने मडक्यावर झाकण ठेवलं आणि चुलीतली लाकडं ओढून घेतली.

दिवस मावळता मावळता लोक परतले. एकेक पाऊल दारावरून गेलं, आत कुणी आलं नाही. समोरच्या आंब्याखाली सिपिओ येऊन बसला होता, चाबूक मांडीवर ठेवून. साहेबाने काय सांगितलं असणार ते मिंबाला न ऐकताही कळलं. पंधरा वर्षं बघणाऱ्या माणसाला कुठे बघायचं ते ठाऊक असतं. मिंबाच्या हातचं कुणी खाल्लं, तर कौल खोटा. आणि कौल खोटा, तर मग पेटी चढावर कुणाकडे निघाली होती?

कफी आला तो सरळ आत. हात मातीने भरलेले. चुलीसमोर बसला आणि म्हणाला, "वाढ."

"निघ इथून."

"भूक लागलीय आई. कालपासून खाल्लं नाही."

"तो समोर बसलाय. कशाला बसलाय ते कळत नाही का तुला? बापाची अक्कल आणि माझा हट्ट, असं कसं रे जन्माला घातलं मी!"

"बसू दे त्याला." कफीने मडक्याला हात घातला. मिंबाने त्याच्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी, आणि दंडाला धरून त्याला उठवलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता. तरी उठला. तिने त्याला दारापर्यंत ढकलत नेलं आणि उंबऱ्याबाहेर काढलं.

"म्हण," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"माहीत आहे तुला काय. म्हण."

"तू माझ्या बापाला मारलंस," तो म्हणाला. ते तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"हे काय पुटपुटतोस? त्याला काय स्वप्न पडणार आहे? मोठ्याने म्हण."

आंब्याखाली सिपिओने मान वर केली. आजूबाजूच्या झोपड्यांतलं बोलणं थांबलं.

"तू मारलंस माझ्या बापाला!" कफी ओरडला, आणि शेवटी त्याचा आवाज फाटला.

"शाबास," मिंबा म्हणाली, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल अशी. "उद्या सकाळी रानात जाताना पुन्हा म्हण. आता जा, जुबाकडे जेव."